नायक असा का वागतो?

हल्ली आमच्या मुलामुलींच्या हाती जपानी चित्रकथा दिसतात. त्यांना ‘मांगा’ म्हणतात. त्यांतल्या प्रेमकथा वाचून मुले बिघडतील, अशी काळजी काही पालक बोलून दाखवतात. आम्हांला वाटते, पुस्तक हिसकावून घेण्यापेक्षा ते कसे वाचावे हे शिकवावे.

या कथांचे साचे ठरलेले असतात. गैरसमज, मनातले न बोलणे, तिसऱ्याचे मध्ये येणे आणि लांबतच जाणारी कबुली. पण आपल्याला हे नवे आहे का? अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले. त्यातही वेषांतर आहे, गैरसमज आहेत, कृष्णाची लबाडी आहे. शेवट ठाऊक असूनही नाटक रंगते, कारण प्रत्येकाच्या वागण्याला कारण आहे. बलरामाला बहीण दुर्योधनाला द्यायची आहे. सुभद्रेला अर्जुन हवा आहे.

चांगल्या मांगातही असेच असते. कारुहो शीना यांच्या ‘किमी नी तोदोके’मधली सावाको अबोल आहे. तिचा चेहरा पाहून वर्गातली मुले भितात. आपल्यामुळे दुसऱ्याचे नाव खराब होईल, या भीतीने ती मागे राहते. असा संकोच आमच्या वर्गांतही मागच्या बाकावर बसलेला असतो.

याउलट, योको कामिओ यांच्या १९९२ साली सुरू झालेल्या ‘हाना योरी दांगो’त श्रीमंत घरचा मुलगा सगळी शाळा नायिकेच्या मागे लावून तिचा छळ करवतो आणि पुढे तोच नायक ठरतो. नायिका त्याला पुरून उरते हे खरे. पण छळ म्हणजेच प्रेम, असा अर्थ कोवळ्या मनाने घेतला तर? आपल्या सिनेमांतही मुलीचा पाठलाग करणारा नायक काही कमी नाही.

गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’त (१८९९) पैशाच्या लोभाने बाप मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो. तिची इच्छा त्याच्या हिशेबातच नसते.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. पैनगंगेच्या अलीकडे आपण मराठी जपली, तशी मुलांशी गोष्टींवर मराठीत बोलण्याची सवयही जपू या. मूल काहीही वाचो, दोन प्रश्न जरूर विचारा : तो असा का वागला? आणि तिला कोणी विचारले का?