वीजजोडणीची सही आणि तपासणीची पात्रता

दहावीचे निकाल लागले की जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत एकच चर्चा घरोघर सुरू होते. मुलाला पुढे कोठे घालावे? पावसाच्या लहरीवर उभ्या असलेल्या शेतीचा भरवसा उरलेला नाही. अशा वेळी वीजकाम हा व्यवसाय पालकांना खात्रीचा वाटतो आणि त्यात चूक काहीच नाही. जालन्यातील लोखंडाच्या कारखान्यांना, बियाण्यांच्या प्रक्रिया केंद्रांना आणि वाढत्या वसाहतींना वीजकामगार लागतोच. म्हणूनच औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्री आणि तारतंत्री या दोन व्यवसायांकडे विद्यार्थ्यांचा मोठा ओढा असतो. तेथे जागा न मिळालेल्यांना अल्प मुदतीचे वर्ग आपल्याकडे बोलावतात. यांतून काय निवडावे हा प्रश्न वरवर पाहता ज्याच्या त्याच्या घरचा आहे. परंतु त्याच्या उत्तरावर दुसऱ्याच कोणाच्या तरी घरातील माणसांची सुरक्षितता अवलंबून असते, म्हणून त्याचा विचार सार्वजनिक पातळीवर होणे अगत्याचे आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात देशात विजेच्या धक्क्याने बारा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हे सारेच मृत्यू घरांत झाले असे नाही. त्यांत शेतातील पंप आहेत, रस्त्यावरील तुटलेल्या तारा आहेत. तथापि घरातील वीज ही निरुपद्रवी असते हा समज किती घातक आहे, हे मराठवाड्याच्या उन्हाळ्याइतके अन्य काही शिकवीत नाही.

मे महिन्यातील कसोटी

मे महिन्यात येथील घराघरांत लोखंडी पत्र्याचा कूलर चालू असतो. पत्रा, पाणी, जुनाट वायर आणि ओली फरशी यांचा तो संगम होय. कूलरच्या पत्र्यात वीज उतरली तर ती अर्थिंगच्या वाटेने जमिनीत जावी आणि पुरवठा आपोआप बंद पडावा, अशी अपेक्षा असते. आता साधा हिशेब मांडून पाहा. अर्थिंगचा रोध २० ओहम असेल, तर २३० व्होल्टच्या दाबाखाली तिच्यातून फार तर साडेअकरा अँपिअर प्रवाह वाहील. १६ अँपिअरचा एम.सी.बी. एवढ्याने पडणार नाही. पत्रा 'जिवंत' राहील आणि घरातील दिवे मात्र निर्वेधपणे जळत राहतील. एम.सी.बी. तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. माणसासाठी ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर पुरवठा तोडणारे यंत्र लागते, ज्याला बाजारात ई.एल.सी.बी. म्हणतात. सहा अँपिअरच्या एम.सी.बी.वर जेवढा आकडा छापलेला असतो, त्याच्या दोनशेव्या भागाएवढी ही गळती आहे.

आपली काळी जमीन या संकटात आणखी भर घालते. पावसाळ्यात ती ओली असते, तेव्हा अर्थिंगचा रोध कमी भरतो. उन्हाळ्यात ती सुकून भेगाळते आणि पट्टीशी किंवा नळीशी असलेला तिचा संपर्क सैल होतो. म्हणजे कूलर लागतो नेमका त्याच दिवसांत अर्थिंग सर्वांत दुबळी असते. ऑगस्टमध्ये उत्तम ठरलेले घर मे महिन्यात धोक्याचे ठरू शकते. हे ओळखण्यास डोळे पुरेसे नाहीत. मापनयंत्र हवे आणि त्याचा आकडा वाचून निर्णय घेणारी बुद्धी हवी.

अज्ञात गुणांचा बाजार

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, मालाचा खरा दर्जा विक्रेत्यास ठाऊक आणि ग्राहकास अज्ञात असेल, तर निकृष्ट माल उत्कृष्ट मालास बाजाराबाहेर घालवतो. या विचाराबद्दल २००१ साली ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. वीजकामास हा सिद्धान्त तंतोतंत लागू पडतो; किंबहुना थोडा अधिकच. जुन्या मोटारीचे दोष निदान चालवल्यावर कळतात. भिंतीत गाडलेल्या तारेचा दोष अपघात होईपर्यंत कळत नाही. दिवा लागला की काम चोख झाले, असे गृहस्थ धरून चालतो. मग जो तासभर खर्चून चाचण्या घेतो तो महाग ठरतो, आणि जो नुसता दिवा लावून देतो त्यालाच पुढचे काम मिळते.

हा दोष सुधारण्यासाठीच कायद्याने प्रमाणपत्रांची योजना केली आहे. राज्याचे अनुज्ञापक मंडळ वायरमनचा परवाना, पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र आणि कंत्राटदाराची अनुज्ञप्ती देते. किरकोळ दुरुस्त्या सोडल्या तर वीजमांडणीचे काम अनुज्ञप्तीधारक कंत्राटदाराकडून आणि प्रमाणित व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हावे, हे तत्त्व १९५६ च्या भारतीय वीज नियमांत होते आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही ते कायम राहिले. ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट दिल्यावर तारांच्या आवरणाचा रोध किमान एक मेगोहम भरला पाहिजे, इतका नेमका निकष कागदावर आहे. प्रत्यक्षात काय होते? नव्या जोडणीच्या अर्जास लागणारा टेस्ट रिपोर्ट अनेकदा घराचा उंबरठा न ओलांडताच सही होऊन हाती पडतो, हे गावोगावच्या ग्राहकांना सांगण्याची गरज नाही. चाचणीच झाली नाही, तर सही हा केवळ एक दाखला उरतो. आणि दाखल्याने प्रवाह अडत नाही.

मिल्टन फ्रीडमन यांनी परवानापद्धतीवर १९६२ साली टीका केली, तिचा आशय असा होता की परवाने हे ग्राहकांच्या रक्षणापेक्षा व्यवसायातील मंडळींभोवतीचे कुंपण बनतात. आपली व्यथा याहून वेगळी आहे. आपल्याकडे कुंपण कागदावर आहे आणि शेत उघडे आहे.

प्रवेशापूर्वीचे चार प्रश्न

या स्थितीत विद्यार्थ्याने निवड कशी करावी? शुल्क आणि मुदत यांची तुलना पुरेशी नाही. त्याने चार प्रश्न विचारावेत. येथील प्रमाणपत्र अनुज्ञापक मंडळ परवान्यासाठी ग्राह्य धरते काय? मेगर आणि अर्थ टेस्टर ही यंत्रे विद्यार्थ्याच्या हाती दिली जातात, की काचेच्या कपाटात शोभेसाठी असतात? तारांच्या मांडणीविषयीचे आय.एस. ७३२ आणि अर्थिंगविषयीचे आय.एस. ३०४३ ही भारतीय मानके शिकवली जातात काय? आणि अंतिम परीक्षेत मुद्दाम बिघडवलेल्या मांडणीतील दोष शोधून अहवाल लिहावा लागतो काय? दोन वर्षांचा वीजतंत्री किंवा तारतंत्री अभ्यासक्रम आणि त्यानंतर १९६१ च्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवारी हा मार्ग लांबचा खरा. पण तोच पक्का आहे. काही आठवड्यांचा वर्ग मदतनीस घडवू शकेल. त्यातून तपासनीस घडेल असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

दोन कामे, दोन पात्रता

खरी उणीव मात्र विद्यार्थ्याच्या निवडीत नसून व्यवस्थेत आहे. तार ओढणे हे एक कौशल्य आणि ओढलेली तार तपासणे हे दुसरे, हा भेद आपण मानलेला नाही. इंग्लंडमध्ये तपासणी आणि चाचणी यांची स्वतंत्र पात्रता परीक्षा आहे, आणि भाड्याच्या घरांतील वीजमांडणी किमान दर पाच वर्षांनी पात्र व्यक्तीकडून तपासून घेण्याचे बंधन तेथे २०२० पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. आपल्या १९५६ च्या नियमांतही पाच वर्षांची मर्यादा घातलेल्या नियतकालिक तपासणीची तरतूद होतीच. म्हणजे आपल्याला विचार उसना आणावयाचा नाही, फक्त अमलात आणावयाचा आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. पात्रतेची अट कडक केली तर काम महागेल आणि गरीब माणूस पुन्हा बिगरपरवान्याच्या कारागिराकडेच वळेल. म्हणूनच प्रत्येक वायरमनवर नवी परीक्षा लादण्याचे कारण नाही. तपासनिसांचा एक छोटा, वेगळा वर्ग तयार करावा. अनुभवी वायरमनांसाठी तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सायंकाळचा अभ्यासक्रम असावा. आणि अल्प उत्पन्न असलेल्या घरांची पहिली तपासणी सरकारी खर्चाने व्हावी. टेस्ट रिपोर्टवर सहीसोबत मोजलेले आकडे, यंत्राचा क्रमांक आणि तारीख लिहिणे सक्तीचे करावे. त्यांतील काही अहवाल विद्युत निरीक्षकाने पुन्हा तपासून पाहावेत. खोटा आकडा सापडला तर परवाना जावा. याने कारागिराचे पोट मारले जाणार नाही. उलट प्रामाणिक कारागिराला त्याच्या कष्टाचे मोल मिळेल.

२०२४ पासून पंतप्रधान सूर्यघर योजनेखाली घरांच्या छपरांवर सौरपट्ट्या चढत आहेत. ज्या घरात वीज फक्त बाहेरून येत होती, तेथे आता ती छपरावरही निर्माण होते. तपासणीची गरज यामुळे कमी होणार नाही, वाढेलच. घरोघर वीज पोहोचवण्यासाठी शासनाने पैसा आणि परिश्रम खर्च केले, ते योग्यच झाले. ती वीज घरात सुरक्षित आहे काय, हे मोजून सांगणारा माणूस घडवणे हा त्याच कार्याचा उत्तरार्ध आहे, आणि तो अद्याप व्हावयाचा आहे.