कोर्टाची पायरी नको असेल तर आधी वकिलाची पायरी चढा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. म्हण खोटी नाही. पण आपण तिचा अर्थ असा लावला की वकिलाकडेही जाऊ नये. परिणाम असा की, बेळगाव परिसरातील जुनी मराठी कुटुंबे लग्नाच्या मांडवाचा हिशेब चार वेळा तपासतात आणि पिढीजात घराचा वरचा मजला मात्र झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणाऱ्या नमुन्यावर सही करून भाड्याने देतात. माझे मत स्पष्ट आहे. कोर्टाची पायरी टाळण्याचा खात्रीचा मार्ग एकच, तो म्हणजे सही करण्यापूर्वी जाणकार वकिलाला कागद दाखवणे.

शहापूर, अनगोळ, वडगाव, टिळकवाडी या भागांत मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेली आणि घरी आई-वडील दोघेच राहिले, अशी घरे आता थोडीथोडकी नाहीत. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांमुळे शहरात खोल्यांना मागणी असते. निवृत्त माणसाला त्या भाड्याचा आधार असतो. दुसऱ्या बाजूला, खेड्यांतून शहरात आलेली आपलीच अनेक कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात. त्यामुळे हा प्रश्न फक्त मालकांचा नाही किंवा फक्त भाडेकरूंचा नाही. तो दोघांचा आहे.

आपली पहिली चूक सीमेमुळे होते. पुण्यातील किंवा कोल्हापुरातील नातेवाईक आपला ‘लिव्ह अँड लायसन्स’चा नमुना पाठवतो आणि आपण नाव-गाव बदलून तोच वापरतो. महाराष्ट्रात 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. मुदत संपल्यावर घर रिकामे करून घेण्यासाठी त्यात सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची वेगळी, जलद वाट आहे. ती वाट महाराष्ट्रातील घरांसाठी आहे, बेळगावातील घरासाठी नाही. शिवाय कागदाच्या डोक्यावर ‘लायसन्स’ लिहिले म्हणून व्यवहार लायसन्सचा होत नाही. घराचा पूर्ण ताबा समोरच्याला दिला आहे का, हे न्यायालय पाहते. सर्वोच्च न्यायालयाने 1959 साली असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात हेच सांगितले आणि ते तत्त्व आजही वापरले जाते.

कर्नाटकाचाही 1999 चा भाडे कायदा आहे. पण ज्या घराचे प्रमाणित भाडे दरमहा साडेतीन हजार रुपयांहून अधिक आहे, ते घर त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. आजची भाडी पाहता शहरातील पुष्कळ घरे या रेषेच्या बाहेर पडतात. अशा वेळी 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि तुमचा लेखी करार, एवढेच काय ते हाती उरते. म्हणून तर करार नीट असावा लागतो.

आता अकरा महिन्यांचे गौडबंगाल. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच असला पाहिजे, असे 1908 च्या नोंदणी कायद्याचे कलम 17 सांगते. ती नोंदणी टाळण्यासाठी अकरा महिन्यांची पद्धत पडली. त्यात बेकायदा काही नाही. मात्र कित्येक जण अकरा महिन्यांच्या नमुन्यात ‘तीन वर्षांसाठी’ असे हाताने लिहितात आणि कागद न नोंदवता कपाटात ठेवतात. वाद झाला की असा कागद करारातील अटी सिद्ध करायला उपयोगी पडत नाही. भाडेवाढीचे कलम, मुदतीचे कलम, सगळे निसटते. उरतो तो महिना-महिन्याचा भाडेकरू. त्याला कलम 106 प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस द्यायची आणि तरीही तो हलला नाही तर दिवाणी दावा लावायचा. अकरा महिने संपल्यावर नवा कागद न करता भाडे घेत राहिले, तरी स्थिती बहुधा हीच होते. मुद्रांक शुल्क कमी भरले असेल तर न्यायालयात कागद दाखल करताना दहापटीपर्यंत दंड भरावा लागतो, हेही लक्षात ठेवावे.

आणखी एक भीती आपल्याकडे ठाण मांडून बसली आहे. भाडेकरू बारा वर्षे राहिला की घर त्याचे होते, असे लोक सांगतात. तसे होत नाही. जो भाडेकरू म्हणून आत आला, त्याला ताब्यात असताना मालकाची मालकी नाकारता येत नाही. पण तो भाडेकरू म्हणूनच आला होता हे दाखवायला कागद आणि भाड्याच्या पावत्या लागतात. तोंडी व्यवहार करणाऱ्या मालकाजवळ त्याच नसतात.

भाडेकरूंनी सर्वांत सावध राहावे ते ‘लीज’च्या व्यवहारात. काही लाख रुपये एकरकमी द्यायचे, दरमहा भाडे नाही, दोन-तीन वर्षांनी रक्कम परत. ऐकायला गोड वाटते. पण मुदत वर्षाहून अधिक, म्हणजे नोंदणी आली. ती बहुतेक वेळा होत नाही. त्या घरावर आधीच बँकेचे कर्ज असेल आणि मालकाने ते थकवले, तर बँक घराचा ताबा घेते आणि आपली आयुष्याची पुंजी मालकाच्या मागे धावण्यात जाते. म्हणून रक्कम देण्यापूर्वी बोज्याचा दाखला काढावा. तेवढ्याने भागत नाही. मूळ खरेदीपत्र मालकाच्या हाती आहे की बँकेत, हे डोळ्यांनी पाहावे.

जुन्या वाड्यांची अडचण निराळी. उतारा अजून आजोबांच्या नावावर असतो. वारसनोंद झालेली नसते. चार भावांपैकी एक जण तळमजला भाड्याने देतो आणि कोल्हापूरला दिलेल्या बहिणीला कोणी विचारतही नाही. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. अशा घराचा करार सर्व हिस्सेदारांच्या संमतीने व्हावा, नाहीतर भाडेकरूही अडकतो आणि भावंडांतही वितुष्ट येते.

आता भाषेविषयी. आपण फलकावरील मराठीसाठी भांडतो आणि ते योग्यच आहे. पण आपल्याच घराचा करार आपल्याला न वाचता येणाऱ्या भाषेत असताना आपण निमूट सही करतो, हे मला खटकते. नोंदणी कायद्याचे कलम 19 काय म्हणते ते पाहा. दस्ताची भाषा नोंदणी अधिकाऱ्याला समजत नसेल आणि ती त्या जिल्ह्यात सर्रास वापरात नसेल, तरच त्याने भाषांतराविना नोंदणी नाकारावी. बेळगाव जिल्ह्यात मराठी सर्रास वापरात नाही, असे कोण म्हणेल? प्रत्यक्ष कार्यालयात अडवणूक होईल, हे गृहीत धरू. तरीही मराठी भाषांतर सोबत करून घेणे, आणि ‘मजकूर मराठीत वाचून दाखवला व समजावून सांगितला’ अशी ओळ साक्षीदारांसमोर लिहून घेणे, यापासून आपल्याला कोणी अडवत नाही.

वकील परवडत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्यातील कलम 12 प्रमाणे कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीस पात्र आहे. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले यांनाही तो हक्क आहे. महत्त्वाचे म्हणजे या कायद्यात ‘विधी सेवा’ म्हणजे केवळ खटला लढवणे नव्हे, कायदेशीर सल्ला देणेही त्यात येते. म्हणजे घर भाड्याने देणारी एकटी आजी सही करण्यापूर्वीच तेथे जाऊ शकते. जिल्हा न्यायालयात जिल्हा प्राधिकरण आणि तालुक्यांत तालुका समित्या आहेत. 15100 हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. अर्ज मराठीत लिहावा. राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क घटनेच्या कलम 350 ने दिला आहे. तो वापरला नाही तर गंजेल. वाद झालाच तर दावा लावण्यापूर्वीही लोकअदालतीत तडजोड होऊ शकते. तो निवाडा हुकूमनाम्यासारखा बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते. म्हणून तेथेही समजून-उमजूनच सही करावी.

आता आपल्या संघटनेला विनंती. आपल्या समाजात वकिलांची वाण नाही. महिन्यातील एक रविवार, सकाळचे दोन तास, दोन वकील सभागृहात बसले तर पुरे. कर्नाटकातील कायद्याला धरून एक मराठी-कन्नड नमुना करार तयार करावा. त्यात अनामत रक्कम कधी व कोणती वजावट करून परत करायची, वीज-पाणी बिल कोणी भरायचे, रंगरंगोटी आणि मोठी दुरुस्ती कोणाच्या अंगावर, नोटीस किती दिवसांची, हे स्पष्ट असावे. बहुतेक भांडणे याच चार-पाच गोष्टींवरून होतात. मालक आणि भाडेकरू या दोघांना वेगवेगळ्या वकिलाने सल्ला द्यावा, म्हणजे संघटनेने कोणाची बाजू घेतली असे होणार नाही.

यावर काही जण म्हणतील की ओळखीच्या माणसाशी कागद करणे म्हणजे अविश्वास दाखवणे. मला उलट वाटते. आज दोन्ही घरचे कर्ते एकमेकांना ओळखतात. उद्या त्यांची मुले ओळखतीलच असे नाही. त्या मुलांना भांडण वारशात मिळू नये, यासाठी कागद करायचा. सभेत ठराव पुष्कळ झाले. पुढच्या कार्यकारिणीत या रविवारच्या बैठकीची तारीख तेवढी ठरवावी.