सुधारित आवृत्ती, पण कोणासाठी?

'सुधारून वाढवलेली आवृत्ती' हे शब्द पुस्तकाच्या आतल्या पानावर दिसले की मराठी शिकवण्यात जन्म घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला बरे वाटते. लेखक अजून जिवंत आहे, विषयावर विचार करतो आहे, प्रकाशकालाही काही लाज आहे, असा त्याचा अर्थ आम्ही घेत आलो. हेच शब्द आता खेळण्यांच्या खोक्यावर आले आहेत आणि तिथे त्यांचा अर्थ पार वेगळा झाला आहे. त्याबद्दल आज थोडे रागावून लिहायचे आहे.

बीडमध्ये बसून पंचाहत्तरीचा म्हातारा खेळण्यांवर काय लिहिणार, असे काहींना वाटेल. वाटू द्या. माझा भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे, आणि त्याच्या कपाटात सिनेमातल्या वीरांच्या फूटभर उंचीच्या मूर्ती आहेत. तो त्यांना 'फिगर' म्हणतो. हाँगकाँगची हॉट टॉइज ही २००० साली निघालेली कंपनी या प्रकारात नावाजलेली. माणसाच्या एक षष्ठांश माप, खऱ्या कापडाचे कपडे, रंगवलेला चेहरा असा की नटाच्या डोळ्याखालची सुरकुतीसुद्धा ओळखावी. मी पाहिल्या आहेत. कारागिरी अव्वल आहे, यात वाद नाही.

वाद पुढेच आहे. या कंपनीने 'डार्क नाइट' मधला जोकर २००९ साली खास मालिकेत काढला. लोकांनी तो डोक्यावर घेतला. २०१३ साली 'जोकर २.०' आला, नव्या चेहऱ्याचा. आयर्न मॅन २००८ पासून प्लास्टिकचे निघत होते, २०१३ पासून काही भाग धातूचे करून निघू लागले. मग ज्याने प्लास्टिकचा घेतला त्याच्या कपाटात काय उरले? काल जो सर्वोत्तम होता तो आज 'जुना' झाला. नवीन येणार अशी नुसती जाहिरात झाली तरी जुन्याचा भाव पडतो, माल बाजारात यायचीही वाट पाहावी लागत नाही.

आपल्याकडच्या संग्राहकाला हा फटका दुहेरी बसतो, आणि हे मुंबई-पुण्याच्या पोरांनाही नीट समजावून सांगावे लागते. खेळण्यांवरची मूळ आयात जकात २०२० च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ साली ७० टक्के. वर अधिभार, त्यावर कर. अडीचशे-तीनशे डॉलरची मूर्ती घरी येईपर्यंत दुपटीच्या घरात जाते. विकायला काढली की समोरचा फक्त मूर्तीची किंमत करतो, सरकारला भरलेले पैसे कोण मोजणार? अमेरिकेतल्या माणसाची जुनी मूर्ती पडत्या भावात गेली तर त्याचे काही डॉलर बुडतात. आमच्या पोराचा त्याखेरीज जकातीचा सगळा पैसाही बुडतो. देशी कारखाने वाढावेत म्हणून जकात लावली, त्याला माझा विरोध नाही. पण असल्या मूर्ती इथे कोणी करत नाही, हेही खरे.

त्यात आणखी एक मेख आहे. या मूर्तींचे कोट, बूट बहुतेक वेळा कृत्रिम चामड्याचे असतात. ते काही वर्षांनी सोलायला लागते, पापुद्रे निघतात. पावसाळी दमट हवेत लवकरच. म्हणजे जुनी मूर्ती एकीकडे भावात उतरते आणि दुसरीकडे अंगाने झडते, आणि नेमकी तेव्हाच नवी, अधिक देखणी दारात उभी राहते. गेवराई-माजलगावकडच्या कापूसवाल्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. २००२ साली बीटी बियाणे आले, २००६ साली त्याचे 'दोन' आले. असो, तो विषय मोठा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

यावर दोन उत्तरे नेहमी मिळतात. पहिले असे की, 'हौसेने घेतले ना? मग भावाचा विचार कशाला?' हे ज्याच्या खिशात भरपूर आहे त्याने म्हणावे. दरमहा पैसे बाजूला टाकून वर्षातून एक वस्तू घेणारा माणूस पुढची घेण्यासाठी मागची विकतो. त्याची हौस त्या फिरत्या पैशावरच चालते. भाव पडला की त्याची हौस तिथेच थांबते.

दुसरे उत्तर मात्र मला पटते. पहिल्या वेळी ज्यांना मिळाले नाही त्यांना पुन्हा काढल्यामुळे मिळते. हे चांगलेच आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. १९७५ साली पुण्यात तिचे पुनर्मुद्रण झाले म्हणून तर तो माझ्यासारख्या शिक्षकाच्या फळीवर येऊ शकला. तेव्हा 'पुन्हा काढूच नका, आमच्या वस्तूचे मोल राखा' असे म्हणणाऱ्या संग्राहकांशी माझे जमणार नाही. खोके न उघडता, भाव चढण्याची वाट पाहत दहा-दहा नग दाबून बसणारे जे आहेत, त्यांचा भाव पडला तर माझ्या डोळ्यात टिपूसही येणार नाही. ते संग्राहक नव्हेत, साठेबाज आहेत.

माझे भांडण लपवाछपवीशी आहे. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. काम पुरे झाल्यावर शक लिहिला, संवत्सराचे नाव लिहिले, आणि पुढे कोणी यात आपली ओवी घुसडू नये असे बजावले. काय केले, कधी केले, का केले, सारे उघड. इथे 'मर्यादित' म्हणून विकायचे, आगाऊ पैसे घ्यायचे आणि वरचढ आवृत्तीचा बेत पोटात ठेवायचा. तंत्र सुधारले म्हणून चेहरा सुधारला, हे मान्य. पण मर्यादित हा शब्द मग कशाला वापरता? मर्यादा कसली, नगांची की काळाची, हे खोक्यावर छापायला किती शाई लागते?

पुन्हा काढण्याची दुसरी रीतही आहे आणि ती आपल्या शेजारीच, गोव्यात, घडलेली आहे. एमआरएफ समूहाच्या फनस्कूल कंपनीने हॅसब्रोच्या साच्यांतून जी. आय. जो चे सैनिक आपल्याकडे काढले. अमेरिकेत ही पावणेचार इंची मालिका १९८२ साली सुरू झालेली. तिथे वापरून झालेले साचे इकडे आले. रंग कधी मूळचे, कधी अगदीच भलते! पण जुन्यापेक्षा हे सरस, असा दावा कोणी केला नाही. आपल्या पोरांनी ते मातीत खेळून मोडले, आणि पुढे परदेशातले संग्राहक तेच भलत्या रंगांचे सैनिक शोधू लागले. हॅसब्रोने २०२० पासून त्याच मंडळींना सहा इंची, जास्त सांध्यांचे करून काढले आहे. मापच वेगळे, त्यामुळे जुन्यांच्या रांगेत ते बसत नाहीत आणि जुन्यांना हटवतही नाहीत. एक षष्ठांशवाल्यांचे तसे नाही. तिथे दुसरी आवृत्ती पहिलीच्याच जागेवर येऊन उभी राहते.

मग करावे काय? आमच्या पुस्तकांत चुका राहिल्या तर प्रकाशक शुद्धिपत्र घालत. एक कागद, पुस्तकात चिकटवलेला. त्यासाठी नवे पुस्तक घ्या असे कोणी म्हणत नव्हते. या मूर्तींचे डोके निघते, हात निघतात, कपडे बदलता येतात. मग नवा चेहरा सुटा का विकत नाही? जुने डोके काढायचे, नवे बसवायचे, सोललेल्या कोटाच्या जागी नवा कोट. जुना गिऱ्हाईक खूश, नव्याला अख्खी मूर्ती मिळतेच. मोटारसायकलचा सुटा भाग आमच्या सुभाष रोडवर मिळतो, मग ह्यांचा का मिळू नये?

भाच्याने दुकानदाराला हेच विचारले होते. (दुकानाचे नाव लिहीत नाही.) उत्तर आले, कंपनी फक्त पूर्ण संच देते. बाहेर मात्र नव्या मूर्ती फोडून डोके वेगळे, कोट वेगळा, हात वेगळे असे विकणारे लोक आहेत. त्यांच्याकडे सुट्या डोक्याची जी किंमत भाच्याला सांगितली गेली, तेवढ्यात मोल्सवर्थच्या आठ-दहा प्रती सहज येतील. तो म्हणाला, "मामा, थांबतो अजून थोडं, कदाचित तीन नंबरचा येईल."

मी म्हटले, तीन नंबरचा आला तर हे दोन नंबरचे डोके स्वस्त होईल, तेव्हा घे.