थैलीशाहीचा राखीव कोटा

डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील काही खासगी दंत महाविद्यालयांना प्रत्येकी १० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण २०१६-१७ या शैक्षणिक वर्षातले. ‘नीट’ परीक्षेतील किमान पात्रतेपर्यंतही न पोहोचलेल्या उमेदवारांना बी.डी.एस.च्या वर्गात बसवण्यात आले होते. राज्य सरकारने अधिकार नसताना पात्रतेची पातळी आधी १० आणि नंतर आणखी ५ पर्सेंटाइलने खाली आणली. महाविद्यालयांच्या चालकांना तेवढ्यानेही समाधान झाले नाही, त्यांनी ती मर्यादाही ओलांडली. निकाल लागेपर्यंत नऊ वर्षे उलटली. मुले दंतवैद्य होऊन बाहेर पडली होती, म्हणून न्यायालयाने आपले विशेष अधिकार वापरून त्यांच्या पदव्या वाचवल्या. राज्य सरकारला दंड झाला तो १० लाखांचा.

अशा प्रकरणांना ‘गैरव्यवहार’ म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. चार लोभी संस्थाचालक, दोन भ्रष्ट अधिकारी, आणि बाकी व्यवस्था निर्दोष! वस्तुस्थिती याच्या उलट आहे. राजस्थानातील चालकांनी कायद्याबाहेर जाऊन जे केले तेच कायद्याच्या आत राहून करण्याची सोय देशभर उपलब्ध आहे. तिला कोठे व्यवस्थापन कोटा म्हणतात, कोठे संस्थास्तरीय कोटा, तर कोठे अनिवासी भारतीयांचा कोटा. महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा या संस्थास्तरीय कोट्यात मोडतात आणि अनिवासींच्या जागा त्यातच येतात. शुल्क साधारण जागेच्या कित्येक पट. यास मागील दार म्हणणेही चूक ठरेल. हे पुढचेच दार आहे, फक्त त्यावर दर लिहिलेला आहे.

हे दार कसे उघडले गेले हे पाहणे उद्बोधक आहे. देशातील पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात स्वतःच्या पैशातून काढले. १९४९ साली त्यांनी ते पश्चिम बंगाल सरकारच्या स्वाधीन केले. मुंबईत १९३३ साली सुरू झालेले नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आज महानगरपालिकेचे आहे. म्हणजे खासगी पुढाकारातून उभे राहिलेले शिक्षण सार्वजनिक मालकीत जावे हा प्रवाह तेव्हा अगदी अपरिचित नव्हता. विद्यार्थ्यांच्या पैशावर चालणाऱ्या वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रयोग १९५३ साली मणिपालला झाला. पुढे कर्नाटकाने त्याचा धंदा केला. महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना मुक्त परवाना दिला. कारण एकच सांगितले गेले: शासनाजवळ पैसा नाही. साखर कारखान्यांच्या जोरावर राजकारण करणारी मंडळी बघता बघता शिक्षणसम्राट झाली. जमीन सरकारची, परवाना सरकारचा, मंत्रिपद घरचे, आणि नफा संस्थेचा!

देणगीविरोधी कायदे झालेच नाहीत असे नाही. आंध्र प्रदेशाने १९८३ साली, कर्नाटकाने १९८४ साली, महाराष्ट्राने १९८७ साली ते केले. त्यांचे काय झाले? कर्नाटक सरकारने १९८९ मध्ये अधिसूचना काढून शुल्काचे तीन दर ठरवले: सरकारी जागेला वर्षाला २,००० रुपये, कर्नाटकातील इतर विद्यार्थ्याला २५,००० आणि राज्याबाहेरच्याला ६०,०००. देणगी बंद झाली ती नावापुरती; तिला दरपत्रकात मानाचे स्थान मिळाले. मोहिनी जैन खटल्यात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार बेकायदा ठरवला. त्याच वर्षी आंध्र प्रदेशात खासगी वैद्यकीय व दंत महाविद्यालयांना वाटलेल्या परवानग्यांवर उच्च न्यायालयाचा ठपका आला आणि मुख्यमंत्री एन. जनार्दन रेड्डी यांना पद सोडावे लागले. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने निम्म्या जागा गुणवत्तेवर, सरकारी शुल्काच्या आणि निम्म्या पैसे भरणाऱ्यांच्या अशी वाटणी केली. पण उदारीकरणाचे वारे सुटले होते. २००२ साली अकरा न्यायाधीशांच्या घटनापीठाने टी. एम. ए. पै प्रकरणात ती वाटणी मोडीत काढली आणि २००५ च्या इनामदार निकालाने सांगितले की विनाअनुदानित संस्थांवर राज्याला आपला कोटा वा आपले आरक्षण लादता येणार नाही. ज्या निकालाने मागासवर्गीयांचे आरक्षण खासगी संस्थेच्या उंबरठ्यावर अडवले, त्याच निकालाने अनिवासी भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागा मान्य केल्या. राज्यकर्त्या वर्गाचा न्याय याहून स्पष्ट शब्दांत क्वचितच लिहिला गेला असेल.

त्यानंतर संसदेला ९३ वी घटनादुरुस्ती करावी लागली आणि खासगी संस्थांतील आरक्षणाचा मार्ग कलम १५(५) ने खुला झाला. परंतु त्या कलमाच्या आधारे केंद्राने २००६ साली जो कायदा केला तो केंद्रीय संस्थांपुरता. खासगी महाविद्यालये त्यातून सुटली. त्यांचा प्रश्न राज्याराज्यांच्या मर्जीवर राहिला.

येथे ‘गुणवत्ते’च्या कैवाऱ्यांचा विचार करणे भाग आहे. १९९० साली मंडल आयोगाच्या अंमलबजावणीला विरोध करताना, २००६ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत संप पुकारताना, गुणवत्तेचा जयघोष कोणी केला हे सर्वांना ठाऊक आहे. रस्ते झाडण्याची, बूट पॉलिश करण्याची नाटके झाली, आणि त्या नाटकांत श्रमिकांच्या कामाविषयीचा तिरस्कार उघडा पडला. त्या आंदोलनांच्या अग्रभागी पैशाच्या कोट्याविरुद्धची मागणी कधी दिसली नाही. शेतमजुराची मुलगी दहा गुण कमी मिळवून वर्गात आली तर रुग्णाचे प्राण धोक्यात येतात. कंत्राटदाराचा मुलगा दोनशे गुण कमी मिळवून आला तर मात्र रुग्ण सुखरूप राहतो, असा हा सिद्धांत दिसतो. तामिळनाडूने २०२० साली सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीय व दंत अभ्यासक्रमांत साडेसात टक्के जागा राखल्या. त्या कायद्यालाही न्यायालयात आव्हान दिले गेले. २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. दोन्हींना ‘कोटा’ हाच शब्द लावला जातो, आणि या शब्दसाम्याचा फायदा घेऊन दोन्ही एकाच मापाने मोजले जातात. आपल्याही काही मित्रांच्या तोंडी ‘सगळेच कोटे वाईट’ हे वाक्य येऊ लागले आहे. एक कोटा पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवलेल्यांना आत आणतो. दुसरा, जे आधीच आत आहेत त्यांच्या मुलांची जागा पैशाने पक्की करतो.

‘पण आता नीट आली, सर्व प्रवेश एकाच परीक्षेतून होतात, मग तक्रार कसली?’ असा प्रश्न विचारला जातो. (नावात नीट आहे, व्यवहारात ती शोधावी लागते.) येथे पर्सेंटाइल हा शब्द समजून घेतला पाहिजे. ५० पर्सेंटाइल म्हणजे ५० टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या पुढे असणे, एवढाच त्याचा अर्थ. २०१८ साली खुल्या वर्गासाठी ही रेषा ७२० पैकी ११९ गुणांवर होती, म्हणजे १७ टक्क्यांच्याही आत. त्या वर्षी सात लाखांहून अधिक परीक्षार्थी ‘पात्र’ ठरले. देशातील बी.डी.एस.च्या जागा तीस हजारांच्याही आत. परीक्षेने चाळणी लावली खरी, परंतु तिची भोके इतकी मोठी आहेत की खरी निवड तिच्या पुढे होते, आणि ती पैसा करतो. यादीत वर असलेला परंतु शुल्क न परवडणारा विद्यार्थी गळतो. मग त्याच्या मागचा, मग त्याच्याही मागचा. शेवटच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचतो तो ज्याच्याकडे रक्कम तयार आहे. त्याचा प्रवेश कागदोपत्री गुणवत्तेनुसारच असतो. दलालांचा बाजार याच मोसमात भरतो. कोणत्या राज्यात कोणत्या फेरीत कोणती जागा उरेल, याचे ज्ञान विकणे हाच त्यांचा व्यवसाय.

अनिवासींच्या कोट्याची कथा याहून रंजक आहे. इनामदार निकालाने घातलेली अट अशी की हा लाभ खऱ्या अनिवासींच्या मुलांना वा पाल्यांनाच मिळावा, आणि त्यातून येणारी रक्कम दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी वापरावी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंजाब सरकारने अनिवासीची व्याख्याच ताणली आणि काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा, चुलत-मावस भावंडे असा सारा गोतावळा तीत सामावून घेतला. लुधियान्यात वाढलेल्या मुलाचा मावसभाऊ टोरांटोत असला की मुलगा परदेशस्थ! उच्च न्यायालयाने ही व्याख्या रद्द केली आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळताना हा पैसे कमावण्याचा उद्योग असल्याचे सुनावले. हे सरकार ‘आम आदमी’चे नाव लावणाऱ्या पक्षाचे होते, याची नोंद घेतलेली बरी.

खासगी महाविद्यालयांचे समर्थक एक युक्तिवाद मोठ्या सद्‌भावनेने मांडतात: श्रीमंताकडून जास्त घ्यावे, गरिबाला त्यातून शिकवावे, यात समाजवादच नाही काय? ठीक आहे. मग हिशेब दाखवावा. अनिवासी व संस्थास्तरीय जागांचे पैसे गरिबांकडे वळत असते, तर साधारण जागेचे शुल्क सरकारी महाविद्यालयाच्या आसपास आले असते. प्रत्यक्षात ते सरकारी शुल्काच्या कितीतरी पट आहे. गरिबाचा कैवार भाषणात आणि त्याचा वाटा इमारतीत, असे हे समाजवादाचे नवे भाष्य आहे.

दंतवैद्यकाच्या बाबतीत तर या अर्थव्यवस्थेचे खरे रूप उघडे पडले आहे. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांतील बहुसंख्य खासगी आहेत. परवाने गरज पाहून दिले गेले नाहीत; ज्याची पोहोच होती त्याला ते मिळाले. परिणामी २०२०-२१ या वर्षी बी.डी.एस.च्या पहिल्या वर्षाच्या सुमारे ७,००० जागा रिकाम्या राहिल्या. साध्या बाजाराच्या नियमानेही, माल खपत नसेल तर दर उतरतो. येथे दर उतरला नाही. पात्रता उतरवण्याची मागणी झाली. केंद्र सरकारने ती नाकारली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ८ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने त्या वर्षापुरती १० पर्सेंटाइलची सूट दिली. मात्र त्याच निकालात न्यायालयाने खासगी चालकांना शुल्क कमी करण्याचा विचार करण्यास सांगितले. पर्सेंटाइल उतरले ते आदेशाने. शुल्क कमी करणे हा मात्र ‘विचार’ करण्याचा विषय राहिला. रिकाम्या खुर्च्या आणि दाराबाहेर उभी असलेली कामगार-शेतकऱ्यांची हुशार मुले, या दोहोंच्या मध्ये फक्त शुल्काची भिंत आहे. ती भिंत कायम ठेवून गुणवत्तेचा उंबरठा खाली आणला, हे आम्ही गुणवत्तेच्या भक्तांच्या नजरेस आणू इच्छितो.

जगातील मुखकर्करोगाच्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात आहेत. तंबाखू-गुटख्याने पोखरलेली ही तोंडे प्रामुख्याने बिडी कामगारांची, वीटभट्टीवरच्या मजुरांची, ट्रकचालकांची आहेत. त्यांच्यासाठी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दंतवैद्याचे पद हवे, खुर्ची हवी, साहित्य हवे. चार वर्षांचा अभ्यास व एक वर्षाची आंतरवासिता यांवर लाखोंचे कर्ज काढलेला पदवीधर तेथे स्वखुशीने जाणार नाही. गेला तरी सरकारने पदेच भरली नसतात. तो शहरात दुकान थाटतो आणि ज्याला दात शोभिवंत करून हवे आहेत त्याची वाट पाहतो. यात त्या तरुणाचा दोष काढणे सोपे आहे, पण त्याच्या शिक्षणाची किंमत ज्या व्यवस्थेने ठरवली तीच त्याचा रुग्णही ठरवते.

खासगी चालकांच्या ‘स्वातंत्र्या’चा दावा किती टिकतो, हे मध्य प्रदेशात दिसले. तेथे खासगी दंत व वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना स्वतःची प्रवेशपरीक्षा घेत असे. प्रवेश व शुल्क यांवर नियंत्रण आणणाऱ्या २००७ च्या राज्य कायद्याला इंदूरच्या मॉडर्न डेंटल कॉलेजने आव्हान दिले. २ मे २०१६ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कायदा वैध ठरवला आणि शिक्षण हा नफेखोरीचा धंदा नव्हे असे बजावले. याचा अर्थ, शुल्क ठरवण्याचा अधिकार सरकारांच्या हाती आजही आहे. तो वापरला जात नाही तो कायद्याच्या अभावामुळे नव्हे. महाराष्ट्रातही २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण अस्तित्वात आहे, आणि महाविद्यालयांना आपले जमाखर्च त्याच्यापुढे मांडावे लागतात.

तेव्हा येत्या प्रवेशाच्या मोसमात विद्यार्थी व युवक आघाडीवरील कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यातील प्रत्येक खासगी दंत महाविद्यालयाबाबत तीन गोष्टी लेखी मागाव्यात: संस्थास्तरीय व अनिवासी जागांवर प्रवेश मिळालेल्यांचे ‘नीट’मधील गुण, त्या जागांतून जमा झालेली रक्कम, आणि २००५ च्या निकालाने घातलेल्या अटीप्रमाणे त्यातील किती रक्कम कोणत्या गरीब विद्यार्थ्यांवर खर्च झाली याची नोंद. इंदूर, बेळगाव, हैदराबाद, बडोदे येथील आपल्या वाचकांनी आपापल्या राज्याच्या शुल्क समितीकडे हीच मागणी न्यावी. पहिल्या अर्जाला उत्तर येणार नाही. दुसरा अर्ज पालकांच्या सह्यांनिशी द्यावा.