फाइल नाही, म्हणजे अक्कल नाही असं नाही!

प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री एक वाजता माझी इंजिनिअरिंगवाली रूममेट रडकुंडीला आली होती. परवा लॅबमध्ये चाललेला सीचा प्रोग्राम तिच्या लॅपटॉपवरच्या लिनक्समध्ये चालेना. 'फेटल एरर: कोनिओ डॉट एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.' तिचं म्हणणं, "मला काही येतच नाही." तुमच्यापैकी कितीजणांनी हेच म्हटलंय?

मी मास कॉमवाली, सी येत नाही. पण बातमी वाचायची सवय आहे, आणि एरर ही चक्क बातमीच असते. कोणती फाइल, कितव्या ओळीवर, सगळं लिहिलेलं.

चूक तिची नव्हतीच. 'कोनिओ' सीच्या स्टँडर्डमध्ये कधीच नव्हती. ती डॉसच्या कंपायलरांची. बोर्लंडचं टर्बो सी आलं १९८७ मध्ये, सीचं पहिलं स्टँडर्ड ठरलं १९८९ मध्ये. आजचं ६४ बिटचं विंडोज ते थेट चालवूही शकत नाही, म्हणून डॉसबॉक्स टाकून ती निळी स्क्रीन उघडायची. आपल्यापेक्षा वयाने मोठ्या सॉफ्टवेअरवर आपण शिकतो आणि घरी आल्यावर स्वतःलाच 'ढ' ठरवतो. जीसीसी फुकट मिळतं, मग अजून टर्बो का? हा प्रश्न लॅबमध्ये विचारायला हवा. सर रागावतील, रागावू देत.

तोवर एरर वाचा. 'कोनिओ' असेल तर ती ओळ, क्लिअरस्क्रीन आणि गेटच काढून बघा. 'एसटीडीआयओ'च सापडत नसेल, तर उबुंटूवर कंपायलर आलाय, हेडर आलेली नाहीत. 'सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल' द्या. स्वतःची हेडर फाइल असेल तर कोनदार कंसात नको, दुहेरी अवतरणात लिहा, म्हणजे आधी तुमच्याच फोल्डरमध्ये शोध होतो. स्पेलिंगमधला कॅपिटल-स्मॉलचा फरकही लिनक्सला चालत नाही. आणि 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी' आलं तर हेडरच्या मागे लागू नका. हेडर सापडलीये, गणिताची लायब्ररी जोडायची राहिलीये. कमांडच्या शेवटी '-एलएम' लावा. (यात माझी रूममेट एकदा अख्खा रविवार घालवून बसली होती.)

त्या रात्री तिने तीन ओळी उडवल्या आणि प्रोग्राम चालला. सकाळी त्याच तीन ओळी तिने जर्नलमध्ये पेनाने पुन्हा लिहिल्या. नाहीतर मार्क कापतात म्हणे.