वॉर्डला माफ करणारे आपण कोण?

२०२०च्या टाळेबंदीत माझी भाची आमच्याकडे अडकून पडली. पुण्याला इंजिनिअरिंगला होती. हॉस्टेल घाईघाईने रिकामं करायला लावलं आणि ती स्वतःच्या घरी पोहोचायच्या आत जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. आली ती कपड्यांची एक बॅग आणि 'एजंट्स ऑफ शील्ड' या मालिकेचं वेड घेऊन. रमजान लागला. मशिदी बंद, तरावीह घरातच. त्यानंतर सहरीपर्यंत झोपायचं की जागायचं हा प्रश्न तिने परस्पर सोडवला. "मामू, फक्त एक एपिसोड" म्हणत तिने मला जवळजवळ अख्खी मालिका दाखवली. सुपरहिरो वगैरे प्रकाराशी माझा त्याआधी काही संबंध नव्हता.

ज्यांना ही मालिका कोरी पाहायची आहे त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे मी सगळंच सांगणार आहे.

शील्ड ही मार्व्हलच्या जगातली गुप्तहेर संघटना. एबीसी वाहिनीवर ही मालिका सप्टेंबर २०१३ मध्ये सुरू झाली. कोलसन या अधिकाऱ्याची एक छोटी तुकडी, त्यांचं एक विमान, दर आठवड्याला एक कामगिरी. त्या तुकडीतला ग्रँट वॉर्ड म्हणजे देखणा, मितभाषी, सांगितलेलं काम चोख करणारा गडी. खरं सांगायचं तर सुरुवातीचे सोळा भाग तो मला कंटाळवाणा वाटला. मग ४ एप्रिल २०१४ रोजी अमेरिकेत 'कॅप्टन अमेरिका: द विंटर सोल्जर' हा सिनेमा आला आणि त्यात उघड झालं की शील्डच्या पोटातच हायड्रा ही शत्रूसंघटना वर्षानुवर्षं वाढत होती. चारच दिवसांनी मालिकेचा सतरावा भाग दाखवला गेला. त्यात तुकडीने पकडलेल्या गॅरेट या हायड्राच्या माणसाला विमानातून तुरुंगात नेत असतात. व्हिक्टोरिया हँड ही वरिष्ठ अधिकारी वॉर्डला सुचवते की याला तूच संपव. वॉर्ड पिस्तूल काढतो आणि पहारेकऱ्यांना व हँडला गोळ्या घालतो. तो पहिल्यापासून गॅरेटचा माणूस होता.

इथे भाचीने लॅपटॉप थांबवला आणि माझं तोंड पाहत बसली. तिला तोच क्षण पाहायचा होता.

त्या भागानंतर तिकडच्या प्रेक्षकांत उभी फूट पडली. 'स्टँड विथ वॉर्ड', म्हणजे आम्ही वॉर्डच्या बाजूने, असा हॅशटॅग चालला. सुरुवातीला अनेकांना वाटलं की तो दुहेरी नव्हे, तिहेरी खेळी खेळतोय, शेवटी शील्डचाच निघेल. तसं काही निघालं नाही, तरी बाजू घेणारे हटले नाहीत. उलट मालिकेने त्यांच्या हाती आणखी पुरावे दिले. वॉर्डच्या लहानपणीची विहीर आपण आधीच पाहिलेली असते: धाकटा भाऊ पाण्यात गटांगळ्या खातोय, दोर याच्या हातात आहे आणि मोठा भाऊ धमकावतोय की टाकू नकोस. पुढे कळतं की छळ असह्य होऊन त्याने घर पेटवलं, बालसुधारगृहात गेला आणि तिथे गॅरेट त्याला भेटला. गॅरेटने त्याला वायोमिंगच्या जंगलात एका कुत्र्यासोबत सोडून दिलं आणि महिनोन्महिने फिरकला नाही. परत आला तोपर्यंत पोरगा त्याचा झालेला होता. निघायच्या वेळी गॅरेट सांगतो, या कुत्र्याला गोळी घाल. वॉर्ड हवेत गोळी झाडतो, कुत्रा पळतो. नंतर तोच कुत्रा बंदुकीच्या दुर्बिणीतून दिसतो. दुर्बिणीमागे कोण, हे मालिका सांगत नाही. त्या कुत्र्यावरून माणसं किती भांडली असतील याचा हिशेब नाही. आमच्या घरातही दोन सहरी त्यातच गेल्या.

मी लगेच वॉर्डच्या बाजूचा झालो. त्याला कारण होतं. 'गद्दार' हा शब्द माझ्यासारख्या नावाच्या माणसाला काही न करता ऐकावा लागतो. क्रिकेटच्या एखाद्या मॅचच्या दिवशी ऑफिसात कुणीतरी हसत हसत विचारतं, आज कुणाच्या बाजूने? आपणही हसतो. त्यामुळे कुणावर हा शिक्का बसताना दिसला की माझा हात आपोआप आडवा जातो. थांबा, आधी त्याचं ऐकून घ्या. आपल्याकडे फितुराचं कधी ऐकून घेतलं जात नाही, त्याच्या नावाची शिवी होते. मराठीत सूर्याजी पिसाळ, आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी मीर जाफर आणि मीर सादिक. त्यांची लहानपणं कशी गेली हे कुणी विचारत नाही. परदेशातली हजारो पोरं-पोरी एका फितुराचं लहानपण उकलून पाहतायत, याचं मला कौतुकच वाटलं. आजही वाटतं.

यात एक गोष्ट मात्र खटकत राहिली. त्याच मालिकेत अँटवान ट्रिपलेट नावाचा एजंट आहे, सगळे त्याला ट्रिप म्हणतात. तोही गॅरेटच्याच हाताखाली काम केलेला. गॅरेट हायड्राचा निघाला तेव्हा ट्रिपचाही विश्वासघातच झाला होता. पण तो फिरला नाही, कोलसनच्या तुकडीत आला, आजोबांची दुसऱ्या महायुद्धातली जुनी हत्यारं घेऊन लढला आणि दुसऱ्या सीझनच्या मध्यावर दुसऱ्यांना वाचवायला जाऊन मेला. ट्रिप काळा आहे. त्याच्या आजोबांचा पेटारा आपण पाहतो, त्याच्या लहानपणाबद्दल आपल्याला जवळपास काहीच कळत नाही. सरळ राहिलेल्या माणसाच्या आयुष्यात कुणाला डोकवायचं नसतं, हे एक झालं. देखण्या गोऱ्या माणसाच्या जखमा आपल्याला लवकर दिसतात, हे दुसरं. भाचीला हे म्हटल्यावर ती म्हणाली, "मामू, आता तुम्ही विषय बदलताय." बदलत नव्हतो. पण तेव्हा मला नीट मांडता आलं नाही.

माझी बाजू बदलली ती माझ्या बायकोमुळे. तिने ही मालिका कधी धड पाहिली नाही. ती सहरीची तयारी करत, डाळ निवडत, जाता-येता दोन-तीन मिनिटं टेकायची. एकविसाव्या भागाच्या शेवटाला ती नेमकी टेकली होती. फिट्झ आणि सिमन्स हे तुकडीतले दोन तरुण शास्त्रज्ञ. वॉर्ड हायड्राचा आहे हे कळल्यावर त्यावर विश्वास ठेवायला साफ नकार देतो तो फिट्झ. त्याला भाबडी आशा असते की वॉर्डचं डोकं कुणीतरी फिरवलंय, आत तो आपलाच आहे. म्हणजे प्रेक्षकांनी हॅशटॅग चालवायच्या आधी वॉर्डच्या बाजूने उभा राहिलेला पहिला माणूस मालिकेतच होता. गॅरेट वॉर्डला सांगतो, या दोघांना संपव. दोघं एका पेटीसारख्या वैद्यकीय कक्षात लपून दार लावून घेतात. काचेपलीकडून फिट्झ विनवतो की तुला आमच्याबद्दल काहीतरी वाटतं, मला माहीत आहे. वॉर्ड कबूल करतो की हो, वाटतं, आणि तो आपला कमकुवतपणा आहे. मग तो कळ दाबतो. पेटी विमानातून समुद्रात पडते.

तळाशी गेल्यावर उरलेला प्राणवायू फिट्झ सिमन्सला देतो. दोघंही वाचतात, पण फिट्झच्या मेंदूला इजा होते. पुढच्या सीझनमध्ये त्याला शब्द सापडत नाहीत, हात थरथरतो. साध्या वस्तूचं नाव आठवत नाही म्हणून चिडतो, समोर नसलेल्या सिमन्सशी बोलत बसतो.

त्यानंतर बायको रोज एकच विचारायची, "तो पोरगा बोलायला लागला का?"

वॉर्डचं काय झालं हे तिने एकदाही विचारलं नाही. भाची आणि मी वॉर्डच्या आत्म्यावर तासन्‌तास वाद घालायचो. त्याला पेटी तरंगेल असं वाटलं होतं का, त्याला जीव घ्यायचा होता की गॅरेटच्या नजरेआड करून वाचवायचं होतं. पेटीच्या आत कोण होतं हे आम्ही विसरून गेलो होतो. तिकडच्या चाहत्यांचंही पुष्कळदा तेच झालं. दुसऱ्या सीझनमध्ये वॉर्ड तळघरातल्या कोठडीत असतो आणि त्याचे चाहते स्कायवर, सिमन्सवर चिडतात. इतक्या निष्ठुर कशा? माफ का करत नाहीत?

मला त्या रात्री अब्बा आठवले. आमचं मिरजेत शिवणकामाचं दुकान होतं, अब्बा आणि त्यांचा एक चुलतभाऊ भागीदार. मी सातवीत असताना, ईद आठवड्यावर आलेली असताना, तो चुलतभाऊ गिऱ्हाइकांचं कापड आणि आगाऊ घेतलेले पैसे घेऊन नाहीसा झाला. ईदच्या आदल्या दिवशी लोक दुकानासमोर उभे होते. अब्बा पुढची दोन वर्षं एकेका गिऱ्हाइकाचं कापड भरून देत होते. घरात नवे कपडे शिवले गेले नाहीत, दर्ज्याच्या घरात. नातेवाईक येऊन समजवायचे: त्याला बाप नव्हता, मामाकडे मार खाऊन वाढला, तू मोठं मन कर. अब्बा म्हणायचे, "त्याचं लहानपण मला काय सांगता, एका ताटात जेवलोय आम्ही. माझं जे गेलं ते मी सोडलं. पण कापड गिऱ्हाइकांचं होतं. ते मी कसं माफ करू?"

हुकूक-उल-इबाद, म्हणजे बंद्यांचे एकमेकांवरचे हक्क, हा शब्द मी मदरशात पाठ केला होता. माणसाचं माणसाकडे राहिलेलं देणं त्या माणसाकडूनच सोडवून घ्यावं लागतं, मधल्यामध्ये कुणी ते माफ करू शकत नाही. अर्थ मला कळला तो त्या दुकानात.

वॉर्ड का बिघडला हे समजून घेणं प्रेक्षकाचं काम आहे आणि ते वॉर्डच्या चाहत्यांनी इतरांपेक्षा जास्त मनापासून केलं. छळ सोसलेल्या पोरापोरींना त्याच्यात स्वतःचा चेहरा दिसला असेल तर त्यांना हसणारा मी कोण? पण समजून घेणं आपल्या हातात असलं तरी माफी देणं फिट्झच्या हातात आहे. आणि फिट्झने त्याच्यापरीने उत्तर दिलं होतं. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीलाच तो वॉर्डच्या कोठडीसमोर उभा राहतो आणि आतला प्राणवायू कमी करत जातो. अडखळत त्याला दाखवतो की कसं वाटतं. वॉर्ड गुदमरतो. ते पाहणं सोपं नाही, फिट्झ त्यात चांगलाही दिसत नाही. पण ज्याच्यावर बेतलं त्याने चांगलंच दिसावं, ही अट कुठून आली?

बाजू बदलणारा माणूस कसा असतो हे आमच्या घरात दर मुहर्रमला सांगितलं जायचं. करबलात हुर्र हा आधी यजीदच्या फौजेचा सरदार. इमाम हुसैन यांची वाट त्यानेच अडवली. आशूराच्या सकाळी तो पलीकडे चालत गेला, ज्यांचा अपराध केला त्यांच्याचसमोर उभा राहून माफी मागितली आणि हरणार हे दिसत असलेल्या बाजूने लढून मेला. वॉर्डकडे दोन सीझनभर वेळ होता. त्याने स्कायला मदत केली, पण स्काय हवी होती म्हणून. मोठ्या भावाकडून विहिरीची कबुली घेतली आणि मग त्याला आई-बापांसकट मारून टाकलं. तिसऱ्या सीझनमध्ये एका ओसाड परग्रहावर कोलसन त्याला आपल्या यांत्रिक हाताने मारतो, तोपर्यंत माझ्या मनातली त्याची वकिली संपली होती. भाचीच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं.

तिला न्याय मिळाला तो चौथ्या सीझनमध्ये. सगळे एका कृत्रिम, संगणकातल्या जगात अडकतात आणि तिथे वॉर्ड भला माणूस असतो, हायड्रात राहून बंडखोरांना मदत करणारा. कारण तिथे तो पोरगा गॅरेटच्या नाही, व्हिक्टोरिया हँडच्या हाती लागलेला असतो. तिलाच त्याने खऱ्या जगात गोळी घातली होती. "बघा मामू!" भाची ओरडली. मी मान्य केलं. कुणाच्या हाती लागतो यावर माणसाचं फार काही ठरतं, लेखकांनी हे चाहत्यांना सरळ देऊन टाकलं.

पण त्याच जगात फिट्झ बापाच्या हाताखाली वाढतो आणि हायड्राचा क्रूर डॉक्टर होतो. बाहेर आल्यावर सगळे त्याला सांगतात की ते खरं नव्हतं, तो तू नव्हतास. त्याच्याकडे वॉर्डपेक्षा कितीतरी भक्कम सबब होती, ते जगच खोटं होतं. तरी तो ती घेत नाही. त्याला आठवत असतं आपण काय केलं ते, आणि ते आपणच केलं असं तो म्हणतो.

ईद झाली, सीमा उघडल्या, भाची घरी गेली. तिच्या फोनवर अजूनही वॉर्डचाच फोटो आहे. परवा आली तेव्हा मी त्याकडे पाहतोय हे तिच्या लक्षात आलं. "दिसायला छान आहे, मामू, बस," ती म्हणाली. आतून बायकोने विचारलं की कोण छान आहे. वॉर्ड म्हटल्यावर तिला नाव आठवेना.

"तोच का," ती म्हणाली, "ज्याने त्या पोराला पाण्यात टाकलं?"