नाकाच्या हुकमतीतला कुत्रा

मोपच्या सड्यावर विमानतळ झाल्यापासून पेडणे तालुक्यात, आणि त्याच ओघात डिचोलीच्या डोंगरउतारांवरही, जे नवे बंगले उभे राहत आहेत, त्यांच्या मालकांना राखणीसाठी कुत्रा हवा असणे स्वाभाविकच आहे; परंतु राखणीचा कुत्रा म्हणजे आकाराने दांडगा कुत्रा, अशा समजुतीने ब्लडहाउंडसारखा माग काढणारा अजस्र श्वान आणून फाटकाशी साखळीने बांधण्याचा विचार कोणी करीत असेल, तर त्याने तो वेळीच सोडून द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वास्तविक या जातीच्या मूळ कैफियतीत राखणीचा उल्लेखच नाही. युरोपातील आर्देनच्या अरण्यात, सेंट ह्युबर्टच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या मठात तिची जोपासना झाली, असे परंपरा सांगते. आणि काम होते ते हरणाचा नि रानडुकराचा गंध जमिनीवरून उचलून शिकाऱ्यांना मैलोगणती घेऊन जाण्याचे. पन्नास किलोच्या आसपास जाणारे वजन, लोंबते कान, कपाळावर सुरकुत्यांच्या घड्या आणि मुद्रा अशी उदास, की जणू नुकताच जप्तीचा हुकूम हाती पडला आहे. परंतु स्वभाव इतका सौम्य, की ज्या परक्या माणसाचा माग काढला, तो अखेरीस सापडलाच तर त्याला चावण्याऐवजी हा बहुधा चाटूनच मोकळा होतो. आपल्या परिचयाचा मुधोळचा शिकारी कुत्रा सावज डोळ्यांनी हेरून धावतो. हा मान खाली घालून, केव्हाच निघून गेलेल्याच्या पाठीमागे जातो. ऋग्वेदातील पणींनी दडवलेल्या गाईंचा शोध लावणारी इंद्राची सरमा याच व्यवसायातली म्हणावयाची.

हा व्यवसाय त्याच्या शरीररचनेतच मुरलेला आहे. कुत्रा हुंगतो तेव्हा आत गेलेल्या हवेचा एक अंश फुप्फुसांकडे न जाता नाकाच्या मागील बाजूच्या गंधग्राही दालनात वळतो, आणि उच्छ्वास नाकपुड्यांच्या कडेच्या चिरांतून बाहेर पडत असल्यामुळे समोरचा गंध विस्कटत नाही. हा व्यापार सेकंदाला सुमारे 5 वेळा चालतो. अशा प्राण्याला डिचोलीच्या एखाद्या कुळागरात आणले म्हणजे काय होते, ते एका परिचिताच्या घरी आम्ही पाहिले आहे. काजूचा मोसम, झाडांखाली आंबलेल्या बोंडूंचा दर्प, दूरच्या भट्टीवरून येणारा हुर्राकाचा वास. आणि त्या सगळ्या कल्लोळातून रात्री गेलेल्या उदमांजराची एकच वाट निवडून हा गृहस्थ पाटाच्या कडेने असा निघाला, की मालकाची हाक, मालकिणीची हाक आणि अखेरीस माशाची थाळी, यांपैकी कशाचाही त्याच्यावर अंमल चालला नाही. ही अवज्ञा नव्हे; नाक कामाला लागले की कान बंद पडतात, इतकेच. एप्रिलमधल्या तापलेल्या जांभ्यावर गंध लवकर विरतो हे खरे, परंतु मृगाच्या सरींनंतर ओल्या मातीत तो रेंगाळतो, आणि मग सकाळचा फेरफटका लांबतच जातो.

घरात दुसरे एक प्रकरण असते, ते लाळेचे. जेवणानंतर एकदा मान झटकली, की तिचा धागा थेट देव्हाऱ्याच्या भिंतीपर्यंत पोचतो. सोवळे पाळणाऱ्या घरात याचा निवाडा कसा व्हावा, हे आम्ही वाचकांवर सोपवतो.

केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये परिपत्रक काढून 23 प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी घालण्याचा प्रयत्न केला, आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने ते त्याच वर्षी रद्दबातल ठरवले. त्या यादीत ब्लडहाउंड नव्हता. कारण ती जबड्याकडे पाहून केलेली होती. पण गंध लागलेला आणि दोरी नसलेला हा निरुपद्रवी प्राणीसुद्धा विमानतळाच्या हमरस्त्यावर गाडीखाली येतो, रानाच्या कडेला बिबट्याच्या तोंडी जातो, किंवा रानडुकराच्या मागे लागतो. आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यात जनावर हाकणे हीदेखील शिकारच गणली असल्यामुळे, ‘कुत्रा आपणहून गेला’ ही सबब वन खात्यापुढे सांगण्याची वेळ मालकावर येऊ शकते. पोलिसी कुत्र्याने काढलेल्या मागाचा पुरावा सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातील एका खटल्यात आला, तेव्हा हाही आक्षेप विचारात घेतला गेला, की कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही, त्याच्या वतीने माणसालाच साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते. घरच्या कुत्र्याचा न्याय तरी निराळा कसा असावा?

म्हणून हौस असेल त्याने जातीच्या दाखल्याआधी स्वतःच्या वेळेचा हिशेब मांडावा. रोज सकाळी तासभर, गळ्याला नव्हे तर छातीपट्ट्याला लांब दोरी बांधून, कुत्र्याने पुढे आणि माणसाने मागे जावयाचे, हा मुख्य बंदोबस्त. दमट हवेत लोंबते कान पिकतात, ते आठवड्यातून एकदोनदा तपासावेत. गोचिडांकडे लक्ष ठेवावे. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा जीवघेणा विकार होतो, यास्तव जेवण दोन वेळांत विभागून द्यावे आणि लगेच पळू देऊ नये. रेबीजची लस चुकवू नये, हे 2021 मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालेल्या गोव्यात वेगळे सांगायला नको. ज्याला एवढे जमणार नाही आणि केवळ राखणच हवी आहे, त्याने वाड्यावरचे एखादे गावठी पिल्लू आणावे; अनोळखी पावलाची चाहूल लागताच भुंकण्याचे काम ते दोन वेळच्या भातावर करते, आणि पावसाळ्यात त्याचे कानही सहसा पिकत नाहीत.